वाक्यात उपयोग करा

निमाणी स्टँडच्या मागे, पिठाच्या गिरणीवर
खैरनार सरांचा क्लास.
सर चोवीस वर्षांचे, मी एकेचाळीस.
ते मला ताई म्हणतात, मी त्यांना सर;
दळणाच्या घरघरीत
दोघांनाही ओरडून बोलावं लागतं.

रोज पाच शब्द. अवघड, वरच्या इयत्तेतले.
पाठ करू नका, म्हणतात सर, वापरा.
न वापरलेला शब्द महिन्याभरात
डब्यातल्या रव्यासारखा जाळी धरतो.

मला शब्द हवेत ते रॉटरडॅमसाठी.
ओझरच्या पॅकहाऊसला सुपरवायझर झाले, तेव्हापासून
रोज संध्याकाळी मेल लिहायचा असतो:
किती पेट्या, किती ब्रिक्स, मण्यांवर डाग किती.
‘ब्लेमिश’ मी तिथंच शिकले, क्लास लावायच्या आधी.
दिवसभर हातात कडी, अठरा मिलिमीटरची.
मणी कडीतून खाली पडला की बाद.
बसमध्ये मी शब्दांचंही तेच करते,
जिभेवर धरून बघते, पडतो का, अडतो का.
‘मेटिक्युलस’ अडला:
आमची ताराबाई, कात्रीच्या टोकानं
एकच सडका मणी काढते, शेजारच्याला कळूही न देता.
‘युबिक्विटस’ पडला.
फार मोठं तोंड, आत नुसती हवा.

मंगळवारी एकतिसावा शब्द आला: ‘रिलिंक्विश’.
सरांनी फळ्यावर अर्थ लिहिला,
सोडून देणे, हक्क वगैरे, स्वतःहून.
मी हात वर केला.
सर, ते ‘स्वतःहून’ शब्दातच असतं,
की आपण वरून लावायचं?
नेमकी गिरणी थांबली होती; माझा आवाज
जिन्यापर्यंत गेला.
असतंच, ताई, म्हणाले सर. बहुतेक.

बहुतेक.

निफाडला, निबंधकाच्या कचेरीत, पंख्याखाली
टायपिस्टनं भरभर वाचून दाखवलं होतं:
राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं,
कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देते की.
एवढे अवघड शब्द माझ्या तोंडी
त्याआधी कुणी घातले नव्हते.
दादानं शब्द दिला होता, माहेर तुटणार नाही.
बाहेर रसवंतीवर ग्लासभर रस पाजला,
घरी गेल्यावर मोरपंखी साडी.
साडी अजून चांगली आहे.

वहीत लिहिलं:
आय रिलिंक्विश्ड माय शेअर विथ ब्लू पेन.
सरांनी लाल शाईनं एक ‘अ’ घातला, ब्लूच्या आधी,
आणि समासात ‘गुड’.
शेअर म्हणजे त्यांना बाजारातले वाटले असावेत.

परवा त्याच गटाची द्राक्षं आली आमच्याकडं.
क्रेटवर दादाचं नाव, खाली नंबर, दोनशे बारा.
मी कडी लावली. मणी पडेना.
पुन्हा लावली, मुद्दाम बारका शोधून.
एकोणीस ब्रिक्स. लव जशीच्या तशी,
देठाला धरून उचललेली, कुणाचं बोट न लागलेली.
वडिलांनी लावलेली बाग केव्हाच मोडली,
वाण नवा आहे.
माती काय, ती कुणाच्या नावावर आहे हे बघून
गोडी भरत नाही.
मेलमध्ये लिहिलं: नो ब्लेमिश.
स्पेलिंग दोनदा तपासलं.

प्रत्येक शब्दाची दोन वाक्यं हवीत,
काल सर म्हणाले, तुमचं एकच आहे, ताई.

दुसरं परतीच्या बसमध्ये लिहिलं.
आडगाव नाक्याला एक जण चढला, हातात मोठी पिशवी.
माझ्यापाशी येऊन थांबला.
उठता का जरा, लांब जायचंय.
मलाही लांबच जायचं होतं.
वही मांडीवर, अक्षर गचक्यांनी हललेलं:
आय विल नॉट रिलिंक्विश माय सीट.

बघू, यात सर काय घालतात.